कृपया त्याला 'वाफ' म्हणू नका

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या पेपरात कॉलेजजवळ ई-सिगारेटी पकडल्याची बातमी आली होती. आठ-दहा ओळींचीच होती, आतल्या पानावर, पण वाचल्यापासून माझ्या डोक्यात घोळतेय म्हणून हे पत्र. हेडिंग होतं 'तंबाखूजन्य पदार्थांचा साठा जप्त' आणि खाली लिहिलं होतं की या उपकरणातून निघणारी वाफ ओढली जाते. बातमी दिलीत ते चांगलंच केलंत, पण 'तंबाखूजन्य' आणि 'वाफ' हे दोन्ही शब्द तिथे बसत नाहीत आणि या दोन शब्दांमुळे घराघरात काय घोटाळा होतो तो मी स्वतः बघितलाय.

मी सांगलीत मेडिकल दुकान चालवते, बी.फार्म. झालेली आहे, २२ वर्षं काउंटरला उभी आहे. गेल्या दिवाळीत माझ्या बहिणीचा मुलगा आमच्याकडे राहायला आला होता, पुण्यात इंजिनिअरिंगला आहे, वीस वर्षांचा. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी किचनमध्ये गेले तर ओट्यावर मिक्सरच्या प्लगशेजारी एक हिरवट पिवळी डबीसारखी वस्तू चार्जिंगला लावलेली, मला वाटलं पोरांचं हायलायटर नाहीतर छोटा स्पीकर असेल. उचलून बाजूला ठेवायला गेले तर हाताला आंब्याचा वास. नोव्हेंबर महिन्यात माझ्या किचनमध्ये पिकलेल्या हापूसचा वास! माझ्या धाकटीने तर विचारलंसुद्धा, आई आंबापोळी आणलीस का.

मग कळलं की ती ई-सिगारेट आहे, पोरं जिला व्हेप म्हणतात, आणि मी भाच्याला घेऊन बसले. आणि मी काय बोलले असेन तर जे प्रत्येक घरातलं मोठं माणूस बोलेल तेच, अरे ही सिगारेटच आहे, तंबाखू आहे हा, कॅन्सर होईल, फुफ्फुसं काळी होतील. तो शांतपणे म्हणाला, "मावशी, यात तंबाखू नाहीये गं. काही जळत नाही, टार नाही, कार्बन मोनॉक्साइड पण नाही. नुसती वाफ आहे." आणि मोबाइलवर मला ब्रिटनच्या सरकारी आरोग्य संस्थेचं २०१५ सालचं म्हणणं दाखवलं, सिगारेटपेक्षा ९५ टक्के कमी घातक. मी गप्पच झाले, कारण टार (तंबाखूच्या धुरातला काळा चिकट थर) आणि मोनॉक्साइडचं तो खरं बोलत होता आणि मी अर्धवट माहितीवर बोलत होते. फार्मसी शिकलेली बाई असून. त्या क्षणी माझी बाकीची सगळी बोलणी त्याच्यासाठी खोटी झाली, पुढचे दोन दिवस मी काहीही सांगितलं की मान डोलवायचा आणि विषय बदलायचा.

त्यानंतर मी रात्री दुकान बंद झाल्यावर बसून वाचलं, जुनी फार्माकॉलॉजीची पुस्तकं काढली, आणि ती वस्तू त्याच्याकडूनच उघडून घेतली. आत काय असतं ते आधी सांगते कारण बहुतेक पालकांनी आतून बघितलेलीच नसते. एक लिथियमची बॅटरी, मोबाइलमध्ये असते तशीच पण लहान. एक बारीक तारेची कॉइल, इस्त्रीत किंवा गीझरमध्ये असते तसं काम करणारी. त्या कॉइलला धरून कापसाची वात, आणि ती वात एका चिकट पातळ द्रवात भिजलेली. आपल्या निरांजनात फुलवात तूप शोषते तसा तो कापूस ते लिक्विड शोषतो, तोंडाने ओढलं की सेन्सर बॅटरी चालू करतो, कॉइल तापते आणि वातीतलं लिक्विड उडून बाहेर येतं. फरक एवढाच की निरांजनात ज्योत असते, इथे ज्योत लागत नाही.

आता ते लिक्विड. त्यात चार गोष्टी, प्रोपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन, वासाची रसायनं आणि निकोटिन. पहिल्या दोन माझ्या रोजच्या ओळखीच्या. ग्लिसरीनच्या बाटल्या आम्ही थंडीत ओठ फुटले की विकतो, प्रोपिलीन ग्लायकॉल कितीतरी सिरपमध्ये असतं. भाचा पण हेच म्हणाला, मावशी तुझ्याच दुकानातलं आहे सगळं. पण पोटात जायला जे चालतं ते फुफ्फुसात जायला चालतंच असं नाही. पोटात आम्ल आहे, लिव्हर आहे, शरीराने तिथे राखण ठेवलीय. फुफ्फुसात खोल आत हवेची पिशवी आणि रक्त यांच्यात कागदापेक्षा पातळ पडदा असतो, तिथे जे पोचलं ते थेट रक्तात.

याचं सगळ्यात वाईट उदाहरण अमेरिकेत २०१९ ला झालं. व्हिटॅमिन ई ॲसिटेट म्हणून एक तेलकट पदार्थ आहे, क्रीममध्ये असतो, कॅप्सूलमध्ये लोक वर्षानुवर्षं घेतात, काही होत नाही. तोच गांजाचा अर्क असलेल्या व्हेपच्या कार्ट्रिजमध्ये लिक्विड दाट दिसावं म्हणून भेसळवाल्यांनी घातला आणि धडधाकट तरुण पोरं श्वास अडकून हॉस्पिटलात यायला लागली. फेब्रुवारी २०२० पर्यंत २८०७ जण ॲडमिट झाले आणि ६८ गेले. हे साध्या निकोटिनच्या व्हेपमुळे झालं असं मी म्हणत नाही, मुख्य दोष त्या भेसळीचाच निघाला, पण अशी भेसळ आत आहे की नाही ते बाहेरून बघून कुणाला कळणार?

आपल्याकडे तर १९८६ मध्ये मुंबईत जे.जे. हॉस्पिटलमध्ये भेसळीच्या ग्लिसरीनने १४ माणसं गेली, न्यायमूर्ती लेंटिन यांचा चौकशी आयोग बसला होता, आम्हाला कॉलेजात ते शिकवलं होतं. ते लायसन्स असलेल्या औषधातलं ग्लिसरीन होतं. मग चोरून आणलेल्या, कुठे भरलं कुणी भरलं याचा पत्ता नसलेल्या डबीतलं ग्लिसरीन कुणी तपासलंय? भाच्याला हे सांगितलं तेव्हा पहिल्यांदा त्याने ती डबी टेबलावर खाली ठेवली.

आता 'वाफ' या शब्दाकडे येते. आपल्या मराठी घरात वाफ म्हणजे काय? सर्दी झाली की आई पातेल्यात पाणी उकळते, त्यात ओवा नाहीतर निलगिरीचे दोन थेंब टाकते, डोक्यावर टॉवेल घेऊन आपण बसतो. वाफ घेणं म्हणजे बरं होणं. वाफ म्हणजे इडली, मोदक, वाफाळता चहा. हा शब्द इतका मायेचा आहे की कुणी म्हणालं पोरगं वाफ ओढतंय तर आईच्या मनात धडकीच भरत नाही. माझ्या एका गिऱ्हाईक ताईंनी मला खरंच विचारलं होतं की मुलगा म्हणतो दम्याला चांगली असते ती वाफ, तसलं मशीन तुमच्याकडे मिळेल का. त्यांच्या मनात नेब्युलायझर होता आणि मुलाच्या मनात दुसरंच.

व्हेपमधून निघते ती पाण्याची वाफ नव्हे. ते बारीक थेंबांचं धुकं आहे, बॉडी स्प्रे मारल्यावर हवेत तरंगतं तसं. त्या प्रत्येक थेंबात ग्लायकॉल, निकोटिन, वासाची रसायनं, आणि कॉइल जास्त तापली किंवा वात कोरडी पडली की तयार होणारं फॉर्मल्डिहाइड नावाचं विषारी रसायन, शिवाय कॉइलमधून सुटलेले निकेल वगैरे धातूंचे कण. शास्त्रात त्याला एरोसोल म्हणतात, मराठीत फवारा म्हणा, धुकं म्हणा, काहीही म्हणा पण वाफ नको. पाण्याच्या वाफेने कुणाला सवय लागत नाही.

दुसरा शब्द तंबाखूजन्य. निकोटिन बहुतेक वेळा तंबाखूच्या पानातूनच काढतात हे खरं, हल्ली लॅबमध्ये पण बनवतात, पण व्हेपमध्ये तंबाखूचं पान नसतं. आणि तंबाखूने होणारं मरण मुख्यतः पानामुळे आणि ते पान जाळण्यामुळे येतं. सिगारेट ओढताना तिचं टोक ९०० अंशांच्या आसपास तापतं, त्या जळण्यातून सात हजारांच्या वर रसायनं निघतात, त्यातली सत्तरेक कॅन्सर करणारी, टार फुफ्फुसात बसतं, कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या ऑक्सिजनची जागा घेतो. विडीत तेंदूच्या पानात थोडीच तंबाखू असते म्हणून लोकांना ती साधी वाटते, पण ती विझू नये म्हणून सारखी ओढावी लागते आणि टार, मोनॉक्साइड सिगारेटपेक्षा कमी नाही, जास्तच. व्हेपची कॉइल साधारण २०० ते ३०० अंशांच्या घरात असते, जळत काही नाही, त्यामुळे टार नाही, मोनॉक्साइड नगण्य, आणि त्या सत्तर रसायनांतली बरीचशी नाहीत किंवा अगदी थोडी आहेत. हे कबूल केलं पाहिजे. मी भाच्यासमोर कबूल केलं, म्हटलं तुझं बरोबर होतं, मी चुकीचं सांगितलं. आणि गंमत नाही सांगत, तिथून पुढे तो ऐकायला लागला.

कारण मग खरा मुद्दा बोलता आला आणि तो निकोटिनचा आहे. इथे मला चुन्याची गोष्ट सांगायचीय, आपल्या भागात ती सगळ्यांना कळते. तंबाखू मळताना हातावर चुना का घेतात? चव म्हणून नाही. चुना अल्कली आहे, त्याने तंबाखूतलं निकोटिन मोकळं होतं आणि गालाच्या आतल्या त्वचेतून पटकन रक्तात जातं. चुना न लावता तीच तंबाखू धरली तर तशी किक बसत नाही, हे कुठलाही मळणारा सांगेल. आमच्या आजोबांना रसायनशास्त्र माहिती नव्हतं पण हातावरचं हे रसायन पक्कं माहिती होतं. मी जी निकोटिनची च्युइंगम विकते त्यातही अल्कली घातलेलीच असते, म्हणून तर आम्ही सांगतो की चहा, कोल्ड्रिंक घेऊन लगेच चावू नका, तोंड आंबट असलं की निकोटिन आत जात नाही.

व्हेपवाल्यांनी बरोबर उलटं केलं. मोकळं निकोटिन ओढलं की घसा जळतो, ठसका लागतो, नवख्याला जास्त ओढवतच नाही. म्हणून त्यांनी त्यात बेंझोइक ॲसिडसारखं आम्ल घालून निकोटिनचा क्षार बनवला, तो घशाला मऊ लागतो, आणि मग कितीही कडक डोस खोकला न येता थेट फुफ्फुसात जातो. अमेरिकेत ज्युल नावाच्या कंपनीने २०१५ ला हे बाजारात आणलं, ५ टक्के निकोटिन, फळांचा-पुदिन्याचा वास, पेन ड्राइव्हसारखा आकार. चार वर्षांत २०१९ ला तिथल्या हायस्कूलमधली २७.५ टक्के मुलं ई-सिगारेट ओढत होती. पुढे कडक पावलं उचलली तेव्हा २०२४ पर्यंत ते ७.८ टक्क्यांवर आलं. म्हणजे घशाला लागणारा ठसका हीच पोरांची राखण होती आणि तीच काढून टाकली. पहिली सिगारेट ओढताना जो खोकला येतो, डोळ्यात पाणी येतं, त्या खोकल्याने कितीतरी पोरं तिथेच थांबतात. आंब्याच्या वासाच्या मऊ फवाऱ्याला कोण थांबणार.

आता हिशोब बघा. भाच्याच्या डबीवर छापलं होतं ५ टक्के, १० मिली. ५ टक्के म्हणजे एका मिलीत ५० मिलिग्रॅम, म्हणजे त्या डबीत ५०० मिलिग्रॅम निकोटिन. माझ्या काउंटरवरची च्युइंगम २ मिलिग्रॅमची असते, ४ मिलिग्रॅमच्या गमला डॉक्टरची चिठ्ठी लागते. म्हणजे २५० च्युइंगमएवढं निकोटिन त्या पोराच्या जीन्सच्या खिशात होतं, चिठ्ठी नाही, काही नाही. अर्थात सगळं शरीरात जात नाही, सिगारेटमध्येही १०-१५ मिलिग्रॅम असतं आणि अंगात एक-दीड मिलिग्रॅमच जातं, पण आकडा डोळ्यासमोर यावा म्हणून सांगतेय. युरोपात कायद्याने एका मिलीत २० मिलिग्रॅमच्या वर परवानगी नाही. आपल्याकडे सगळंच बेकायदा असल्याने वर छापलेलं ५ टक्के तरी खरं आहे की नाही कोण सांगणार.

अजून एक गोष्ट जी भाच्यानेच सांगितली. सिगारेट संपते. दहा मिनिटांत थोटूक उरतं, हाताला चटका बसतो, पुढची पेटवायची तर उठून बाहेर जावं लागतं, वास येतो, लोक बघतात. व्हेप संपतच नाही. हॉस्टेलच्या गादीत पडल्या पडल्या, बाथरूममध्ये, लेक्चरला मागच्या बाकावर बाहीत लपवून, दिवसभर दोन-दोन झुरके चालू. झोपेतून उठून पण ओढायचो म्हणाला. निकोटिन रक्तातून दोन तासांत निम्मं उतरतं, आणि उतरलं की चिडचिड, डोकं जड, लक्ष लागत नाही. मला त्याने कळवळून सांगितलं की तीन तासांचा पेपर असला की दुसऱ्या तासापासून त्याचे हात थरथरतात, येत असलेलं गणित चुकतं. घरात सगळ्यांना वाटत होतं की पोराला परीक्षेचं टेन्शन येतं, बहीण त्याला बदाम भिजवून देत होती. माणसाचा मेंदू पंचविशीपर्यंत घडत असतो आणि त्या वयात निकोटिनची पकड जास्त घट्ट बसते, म्हणून चाळिशीच्या माणसाचं आणि विशीच्या पोराचं माप एकच धरून चालत नाही.

ब्रिटनच्या ९५ टक्क्यांबद्दल पण लिहिते, नाहीतर वाचणारी तरुण मुलं म्हणतील काकूंनी टाळलं. ते वाक्य रोज पाकीट-पाकीट सिगारेट ओढणाऱ्या माणसासाठी आहे. त्याने सिगारेट पूर्ण सोडून व्हेप धरली तर त्याचा फायदा होतो हे मी मानते, सिगारेट सोडायला निकोटिनची व्हेप गम आणि पॅचपेक्षा (पॅच म्हणजे त्वचेवर चिकटवायची निकोटिनची पट्टी) जास्त उपयोगी पडते असे चांगले अभ्यास आहेत. २०१९ चा एक इंग्लंडमधला अभ्यास, ८८६ लोकांवरचा, त्यात वर्षभराने व्हेपवाल्या गटात १८ टक्क्यांची सिगारेट सुटलेली होती आणि गम-पॅचवाल्यांत ९.९ टक्क्यांची. पण त्याच अभ्यासात पुढे लिहिलंय ते कुणी मोबाइलवर दाखवत नाही, सिगारेट सुटलेल्या व्हेपवाल्यांपैकी ८० टक्के लोक वर्षानंतरही व्हेप ओढतच होते, आणि गम-पॅचवाल्यांत फक्त ९ टक्के ते वापरत होते. म्हणजे सिगारेट सुटली, निकोटिन सुटलं नाही. त्याच ब्रिटनने १ जून २०२५ पासून वापरून फेकायच्या व्हेप विकायला बंदी घातली, कारण पोरांच्या हातात त्याच जास्त दिसायला लागल्या आणि कचऱ्यात बॅटऱ्यांचा ढीग व्हायला लागला.

आणि ज्याने आयुष्यात सिगारेट हातात धरली नाही त्याला ९५ टक्के कमी म्हणजे काय? कशापेक्षा कमी? माझ्या भाच्याने कधी सिगारेट ओढलीच नव्हती. त्याच्यासाठी व्हेपची तुलना सिगारेटशी नाही, साध्या हवेशी आहे. हे मी त्याला म्हटलं तेव्हा तो बराच वेळ गप्प होता.

दोन्ही ओढणारेही खूप आहेत, घरी व्हेप आणि चहाच्या टपरीवर मित्रांसोबत एक सिगारेट. त्यांना वाटतं आपण कमी केलं. हृदयाच्या बाबतीत असं होत नाही, दिवसाला एक सिगारेट ओढणाऱ्याला हार्टचा जो जादा धोका असतो तो वीस ओढणाऱ्याच्या जवळपास निम्मा असतो, विसावा भाग नव्हे.

वीस-तीस वर्षांनी काय होईल ते आज कुणीच सांगू शकत नाही. आजच्या स्वरूपाची ई-सिगारेट चीनमधल्या हॉन लिक नावाच्या फार्मासिस्टने २००३ च्या सुमाराला बनवली, त्याचे वडील फुफ्फुसाच्या कॅन्सरने गेले आणि तो स्वतः भरपूर ओढायचा. माझ्याच पेशातला माणूस, हेतू वाईट नसेल. पण सिगारेट घराघरात पोचल्यावर कॅन्सरचा संबंध पक्का मांडायला १९५० साल उजाडलं, तोपर्यंत डॉक्टरसुद्धा ओढत होते. एवढी वाट बघायला माझ्याकडे दुसरा भाचा नाही.

आता कायदा. आपल्याकडे सप्टेंबर २०१९ ला वटहुकूम निघाला आणि त्याच वर्षी डिसेंबरात संसदेने कायदा केला. ई-सिगारेट बनवणं, आणणं, विकणं, वाटणं, जाहिरात करणं, साठा करणं सगळं बंद. पहिल्यांदा सापडला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, पुन्हा सापडला तर तीन वर्षं आणि पाच लाख. साठ्यासाठी सहा महिने किंवा पन्नास हजार किंवा दोन्ही. निकोटिन नसलेली 'हर्बल' म्हणून विकतात तीसुद्धा यात आली, तंबाखू न जाळता तापवणारी यंत्रं आली, ई-हुक्का आला. ओढणाऱ्यालाच शिक्षा असं वेगळं कलम मात्र त्यात नाही, आणि मला ते बरोबर वाटतं, सवय लागलेल्या पोराला पोलिसांच्या भीतीने लपवायला लावलं तर तो बोलणार कुणाशी?

हा तंबाखूच्या २००३ च्या कायद्याहून वेगळा कायदा आहे. तंबाखू विकायला परवानगी आहे, अठराच्या खालच्यांना नाही, शाळा-कॉलेजच्या १०० यार्डांत नाही, पाकिटावर ८५ टक्के जागेत तो भयंकर फोटो. ई-सिगारेट विकायला मुळातच परवानगी नाही. म्हणून तुमच्या बातमीत 'तंबाखूजन्य' लिहिलं की वाचणाऱ्या टपरीवाल्याला पण वाटतं की शाळेपासून लांब विकली तर चालते. भाच्याला ती डबी कुठून मिळाली विचारलं तर म्हणाला मोबाइलवर मेसेज टाकायचा, रूमवर आणून देतात, पार्सलवर मोबाइल ॲक्सेसरीज लिहिलेलं असतं.

हे सगळं लिहिताना मला एका गोष्टीची धास्ती आहे, ती म्हणजे व्हेप नवीन आणि शहरी म्हणून तिच्या बातम्या येतात आणि आपल्या घरातली जुनी तंबाखू मागे पडते. २०१६-१७ च्या सरकारी पाहणीत महाराष्ट्रात धूम्रपान करणारे प्रौढ फक्त ३.८ टक्के होते आणि बिनधुराची तंबाखू घेणारे २४.४ टक्के. चारात एक! मिश्री, मावा, खैनी, मळलेली तंबाखू. माझ्या सासूबाई रोज सकाळी चुलीपुढे बसून पत्र्याच्या झाकणावर तंबाखू भाजायच्या, काळी कुळकुळीत होईपर्यंत, मग हातावर चोळून पूड करून बोटाने दाताला. त्या वासाने माझं डोकं उठायचं पण त्या म्हणायच्या दात पक्के राहतात. साठीच्या आत त्यांच्या गालाच्या आतून पांढरा चट्टा आला, जेवताना तिखट सोसेना, तोंड तीन बोटं उघडायचं ते एकाच बोटावर आलं. ऑपरेशन झालं, पुढे चार वर्षं त्या भात कालवून पेज करून प्यायच्या. मिश्री लावताना पण काही जळत नाही, धूर नाही, टार नाही. पानातली नायट्रोसामाइन्स, म्हणजे कॅन्सर करणारी रसायनं, पुरेशी झाली. ती व्हेपमध्ये अगदी थोडी असतात हेही खरं, म्हणजे व्हेपचं नुकसान मिश्रीसारखं होईल असं मी म्हणत नाही. मी एवढंच म्हणतेय की 'जळत नाही' हे ऐकून निर्धास्त व्हायची चूक आपल्या घराने एकदा केलीय.

भाच्याचं पुढे काय झालं ते सांगते. एका दिवसात काही झालं नाही. डॉक्टरांना दाखवून त्यांच्या सल्ल्याने च्युइंगमवर घेतलं. गम चघळायची नसते, दोन-चारदा चावायची, जिभेला झिणझिण्या आल्या की गाल आणि हिरडीच्या मधे धरून ठेवायची, झिणझिण्या गेल्या की परत चावायची. हे न सांगता कितीतरी दुकानांत ती हातावर ठेवतात आणि लोक चॉकलेटसारखी खाऊन मळमळतंय म्हणून टाकून देतात. पहिले दहा दिवस तो माझ्यावर, आईवर, सगळ्यांवर खेकसत होता, जानेवारीत एकदा परत ओढली, मला फोन करून रडला. आम्ही कुणी ओरडलो नाही. मार्चपासून नाही ओढलेली. परवा मेसेज आला, पेपरला तीन तास बसलो मावशी, हात स्थिर होते.

म्हणून संपादक महोदय, माझी मागणी साधी आहे. पुढच्या वेळी अशी बातमी येईल तेव्हा तंबाखूजन्य न लिहिता 'बंदी असलेली निकोटिनची ई-सिगारेट' असं लिहा, वाफ न लिहिता फवारा लिहा. आंबा, द्राक्ष, पुदिना अशा वासांची रंगीत डब्यांची रांग फोटोत छापू नका, पोरांना ती जाहिरातच दिसते, त्यापेक्षा एक डबी उघडून आतली वात आणि कॉइल छापा म्हणजे आईबापांना घरात दिसली तर ओळखू येईल. आणि बातमीच्या खाली शेवटच्या ओळीत केंद्र सरकारच्या तंबाखू सोडण्याच्या हेल्पलाइनचा नंबर टाका, १८००-११-२३५६, फुकट आहे, व्हेपवाल्या पोरांनी आणि मिश्रीवाल्या बायकांनी दोघांनी करावा. मी तो माझ्या काउंटरवर गमच्या डब्याशेजारी चिकटवलाय, या महिन्यात तीन जणांनी त्याचा फोटो काढून नेला, त्यातल्या एक जण कॉलेजची मुलगी होती आणि तिने कुणासाठी ते सांगितलं नाही, मी विचारलं पण नाही.

कळावे,
आपल्या पेपरची जुनी वाचक,
एक औषध विक्रेती, सांगली